मिठाचा राजा

४ जानेवारी

अण्णा,

वर तीर्थरूप लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मुद्दाम लिहिलेलं नाही. राग गेला की लिहीन. पत्राचं कारण एवढंच की फोन तुम्ही उचलत नाही. दादा म्हणतो, "अण्णा बागेत आहेत." चौथ्या मजल्यावरच्या त्याच्या घराला बाग कधी फुटली ते त्यालाच ठाऊक.

तुम्ही बॅग भरून दादाकडे निघालात त्या दिवशी काय काय बोललात, ते मी विसरलेले नाही. "पुतळा खरोखरचा विरघळवणार म्हणे! अगं, नाटक हा खोट्याचा धंदा आहे. खरं मीठ वापरलंस काय नि खोटं वापरलंस काय, चाखून बघणार आहे कोण?" आणि वर ते अर्धं बोट माझ्या नाकासमोर नाचवलंत. करवतीने नेलेलं बोट समोरच्याच्या नाकापुढे नाचवलं की वाद जिंकला, असं तुम्हाला मी शाळेत होते तेव्हापासून वाटतं.

तुमची युक्ती वाईट होती असं मी कधी म्हटलं का? शाप लागून दगड झालेला राजा, शेवटच्या प्रवेशात त्याच्यावर पडणारा पाऊस, धूर सुटला की सरकणारी खालची फळी आणि जमिनीत जाणारा पुतळा. लोक डोळे पुसत घरी जायचे. पण फळी आता कुरकुरते, अण्णा. मागच्या मोसमात ती कुरकुरली रे कुरकुरली की पाठच्या रांगेतून कोणीतरी ओरडायचं, "निघाली लिफ्ट!" इकडे राणी रडतेय आणि तिकडे अख्खं थिएटर हसतंय. तुम्ही विंगेत उभे होतात. तुमचा चेहरा मी पाहिला. त्या माणसाला हसायला पुन्हा जागा ठेवायची नाही, हे मी तिथेच ठरवलं. तुम्ही मात्र समजलात की मी तुमच्याच युक्तीला हसले.

आता मुद्द्याचं. दिग्दर्शकसाहेबांनी निर्वाणीचं सांगितलंय. फेब्रुवारीच्या शेवटी मोसमाचा पहिला प्रयोग आहे. त्यात राजा प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत विरघळला तर उत्तम. नाहीतर तो प्रवेश कापायचा, आपलं वर्कशॉप बंद करायचं आणि यापुढे सगळं सामान भाड्याने आणायचं. आपलं म्हणजे तुमचंच वर्कशॉप. तुमचं बाक, तुमच्या पटाशा, भिंतीवरची तुमची ती "हात लावू नये" अशी पाटी, जिच्याकडे कोणीच बघत नाही.

घोडामैदान जवळच आहे. बघाच तुम्ही.

तुमची (रागावलेली) धाकटी

१३ जानेवारी

अण्णा,

साचा तुमचाच काढला. माळ्यावर होता, चांगला राहिलाय. राजाचं काम करणाऱ्याला प्लास्टरची खाज सुटली म्हणून तुम्ही स्वतःच आडवे झालात आणि आपल्याच तोंडाचा नि अंगाचा साचा काढून घेतलात, ते मला आई सांगायची. म्हणजे सध्या मी रोज तुमचं तोंड ओतते आणि रोज पाण्यात घालते. राग काढायला यापेक्षा बरी सोय नाही. पुतळ्याच्या हाताला मात्र पाचही बोटं पुरी आहेत. तेव्हा ती करवत यायची होती.

आधी साखर करून पाहिली. हसू नका. साखर मनाची मोकळी. पाणी जरा कोमट केलं की गार पाण्यापेक्षा कितीतरी जास्त आत घेते आणि वर म्हणते, अजून आण. नाक, भुवया, गालाची हाडं, सगळं मिनिटामिनिटाला गुळगुळीत होत गेलं. मी खूश! दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉप उघडलं तर उरलेल्या धडावर मुंग्या. इतक्या मुंग्या की राजा चालतोय असं वाटलं. राणीबाईंनी एका हाताने पुतळ्याला स्पर्श करून पाहिला, तो हात त्यांच्या साडीला, साडी खुर्चीला आणि खुर्ची मला चिकटली. "विरहाचा प्रवेश आहे गं," बाई म्हणाल्या, "इथे तर कोणी कोणाला सोडायलाच तयार नाही."

साखर बाद. आता मीठ.

दादाला म्हणावं, बागेतली फुलं पाठव.

धाकटी

२८ जानेवारी

अण्णा,

मीठ हे अगदी तुमच्या स्वभावाचं आहे. पाणी तापवा, उकळवा, काहीही करा. गरम पाण्यात मावतं त्यात आणि गार पाण्यात मावतं त्यात फारसा फरकच नाही. मनधरणीचा काही उपयोग नाही. ढिम्म.

बारीक मीठ घेते, नावापुरता पाण्याचा हात लावते, साच्यात ठासते आणि दिव्यांखाली वाळवते. वाळलं की कण एकमेकांना असे धरतात की बोटाने टकटक केलं तर दगडासारखा आवाज येतो. आतून पोकळ ठेवलाय, भिंत बोटभर जाड. बाहेरून राखाडी हात मारला की पाहणाऱ्याला कळत नाही. सुतारमामांनाही कळलं नाही, त्यांनी पुतळ्याच्या खांद्यावर चहाचा कप ठेवला आणि कपाखाली खड्डा पडल्यावर मलाच विचारलं, "दगडाला काय झालं गं?"

पहिल्यांदा नुसतं पाण्यात उभं करून पाहिलं. तासभर झाला तरी राजेसाहेब मजेत. मी डोकं धरून बसले. मग पाण्यात हात घालून सहज ढवळलं आणि हाताखालचा गुडघा भराभर झिजायला लागला. तेव्हा कळलं. मीठ विरघळतं ते पाणी अंगालगतच राहतं. मीठ आपल्याच खारट पाण्याचं पांघरूण ओढून बसतं, आणि नवं पाणी आत येऊ शकत नाही. ते पांघरूण सतत ओढून काढायला हवं. म्हणून आता वर भोकांची नळी, खाली हौद, आणि मधे पंप. पाऊस पडतो, हौदात जमतो, पंप तेच पाणी वर नेतो, पुन्हा पाऊस. काटकसरकाका या योजनेवर फिदा आहेत. रंगमंचाची व्यवस्था इतकी वर्षं सांभाळून त्यांना एकच गोष्ट आवडते, वाया न जाणारी.

फक्त मिठाचा एक छळ आहे. जिथे थेंब पडेल तिथे वाळल्यावर पांढरा डाग. हौद काळा रंगवला तर काठावर डाग. जमिनीवर माझी पावलं उमटलेली. केसात, चपलांवर, चष्म्यावर. काल राणीबाई म्हणाल्या, "तू घरभर कुठे कुठे फिरतेस ते आता पोलिसांनाही सांगता येईल."

वहिनीचा फोन आला होता. माझं पत्र आलं की तुम्ही म्हणे चष्मा सापडत नाही असं सांगता आणि मग खोलीचं दार लावून घेता. चष्म्याशिवाय वाचन बरं चाललंय तुमचं.

धाकटी

१० फेब्रुवारी

अण्णा,

वहिनीकडून निरोप पोचला. अक्षरशः असा: "तिला विचार, हौदाच्या सांध्यांना डांबर लावलंय का. गळेल."

लावलंय हो लावलंय! दोन हात लावलेत! पण तुम्ही विचारलंत, अण्णा. हा निरोप ऐकून मी फोन ठेवला आणि वर्कशॉपमध्ये एकटीच नाचले. सुतारमामा म्हणाले, लॉटरी लागली का? म्हटलं, त्याहून मोठी.

आता ऐका. राजा विरघळतो! राणीचं शेवटचं गाणं सुरू होतं, पाऊस सुरू होतो, आधी तोंड जातं, मग खांदे उतरतात, छाती आत बसते, आणि गाणं संपता संपता हौदात नुसतं पाणी. पहिल्यांदा जमलं तेव्हा राणीबाई गाणं मधेच सोडून बघत बसल्या. पुढच्या वेळी त्यांनी त्याचा पुढे केलेला हात हातात धरून पाहिला. तो त्यांच्या हातातच संपला.

एक खटकतंय. प्रत्येक तालमीला राजा आधीच्यापेक्षा जरा जास्त वेळ घेतोय. परवा गाणं संपलं तरी कमरेपासून खालचा राजा उभाच होता. मी जास्त ठासत असेन बहुतेक. पुढचा हलक्या हाताने भरते.

सोबत तिकीट आहे. सत्तावीस तारीख, संध्याकाळचा प्रयोग. पाठच्या रांगेतलं, दाराजवळचं. तुम्हाला तिथून बघायला आवडतं हे मला माहीत नाही असं समजू नका. आलात तर मी काही बोलणार नाही. जिंकले म्हणून मिरवणारही नाही. तुम्ही यावं असं वाटतं, बस. तुमची आठवण येते. लिहिलं एकदाचं.

धाकटी

२४ फेब्रुवारी

अण्णा,

मुसळ केरात.

आज रंगीत तालीम झाली. पाऊस पडला, गाणं झालं, गाणं पुन्हा झालं, आणि राजा उभा. नाकाच्या शेंड्याचा टवकाही उडाला नाही. मी तर हलक्या हाताने भरला होता! वरून नुसता चिंब. दिग्दर्शकसाहेब खुर्चीतून उठले. छत्री उघडली, रंगमंचावर आले, पुतळ्याच्या डोक्यावर धरली आणि म्हणाले, "भिजून याला सर्दी व्हायची." सगळे हसले. मीही हसले, मग वर्कशॉपमध्ये जाऊन तुमच्या बाकावर डोकं ठेवून रडले.

साहेब परवा सकाळपर्यंत थांबतील. मग प्रवेश कापणार. मामांनी तुमच्या पटाशा आत्ताच पेटीत भरायला घेतल्या होत्या, मी त्यांच्या हातातून काढून पुन्हा खुंटीला लावल्या. नळी पाहिली, पंप पाहिला, साचा पाहिला, मीठ तेच, दुकान तेच. काय बदललं? तुम्ही असतात तर आधी मला चार शिव्या दिल्या असत्या आणि मग कुठे चुकलं ते सांगितलं असतं. शिव्यांसकट चाललं असतं मला.

धाकटी

२५ फेब्रुवारी

अण्णा! अण्णा! अण्णा!

अंडं पोहलं!

थांबा, नीट सांगते. सकाळी मी हौदाकाठी बसले होते. राणीबाई येऊन शेजारी बसल्या. माझी समजूत घालायला आल्या होत्या, पण हातात डबा होता. बाई दुःखातही उकडलेलं अंडं सोडत नाहीत. सोलता सोलता अंडं हातातून निसटलं आणि हौदात पडलं. मी म्हटलं, जाऊ दे, काढते. हात घातला तर अंडं तळाशी नाहीच. वर तरंगतंय! खाली दाबलं तर पुन्हा वर. बाई म्हणाल्या, "अगं, हे तर माझ्यापेक्षा बरं पोहतंय."

मी बोट बुडवून जिभेला लावलं आणि अख्खं तोंड वाकडं झालं. तशीच ओरडले, "काकाऽऽ! हे पाणी कधीचं?"

काटकसरकाका छाती पुढे काढून आले. "कधीचं म्हणजे? पहिल्या तालमीपासूनचं. थेंब वाया घालवला नाही. रोज कापडातून गाळून घेतो, बघ कसं आरशासारखं आहे!"

आरशासारखंच होतं हो. तीच तर मेख. दिसत काही नव्हतं, पण आजवरचा प्रत्येक राजा त्या पाण्यातच होता. नाकं, खांदे, मुकुट, सगळं. पोट गच्च भरलेल्या पाण्यात आणखी एका राजाला जागा कुठून मिळणार? म्हणून दर तालमीला वेळ वाढत गेला, आणि काल पाण्याने चक्क हात जोडले. पाऊस पडत होता तो पाण्याचा नव्हताच, आधीच्या राजांचाच पडत होता! आणि मी खुळी, मीठ ठासण्याला दोष देत बसले होते.

काका बिचारे इतके ओशाळले की मला रागावताच येईना. म्हणाले, "गाळलं की स्वच्छ होतं अशी माझी समजूत." म्हटलं, काका, कचरा गाळता येतो, विरघळलेला राजा नाही गाळता येत. हौद पूर्ण उपसला, घासला, नवं पाणी भरलं. काकांनी स्वतःच्या हाताने सगळं जुनं पाणी ओतलं, आणि ओतताना त्यांचा चेहरा जवळचं माणूस गेल्यासारखा झाला होता.

कालचाच राजा तसाच होता, तोच पुन्हा वाळवून उभा केला. तोच, अण्णा. जो छत्रीखाली उभा होता तो. नव्या पाण्याचा पाऊस सुरू केला आणि दुसऱ्या कडव्याला डोकं नाही, तिसऱ्याला खांदे नाहीत. दिग्दर्शकसाहेबांना बोलावून उरलेलं दाखवलं. ते म्हणाले, "ठीक आहे." त्यांच्या तोंडून "ठीक आहे" म्हणजे दुसऱ्या कोणी हार घातल्यासारखं.

परवा प्रयोग. तिकीट हरवलं असेल तर दारावर माझं नाव सांगा.

धाकटी

२८ फेब्रुवारी

तीर्थरूप अण्णांस,

बघा, लिहिलं.

कालच्या प्रयोगाचं सगळं सांगणार आहे, तुम्हाला माहीत नाही असं समजून सांगणार आहे, आणि तुम्ही शेवटपर्यंत निमूट वाचायचं आहे.

पडदा उघडायच्या आधी मी विंगेच्या फटीतून पाहिलं. तुमची खुर्ची रिकामी. संध्याकाळी वहिनीला फोन केला होता, ती म्हणाली, "अण्णा दातांच्या डॉक्टरकडे गेलेत, उशीर होईल." मी "बरं" म्हणून फोन ठेवला. तुम्ही येत नाही एवढंच डोक्यात होतं, म्हणून पुढचा विचारच केला नाही.

शेवटचा प्रवेश आला. राणीबाईंनी सूर लावला. पाऊस सुरू झाला. पाठच्या रांगेतून तो आवाज आलाच. दर वर्षी येणारा माणूस असावा. "निघाली लि..." आणि तिथेच थांबला. कारण राजाचं नाक गेलं. तुमचं नाक, अण्णा, सगळ्यांच्या देखत, दिव्यांच्या झगझगीत उजेडात. धूर नाही, अंधार नाही, फळी नाही, लपवाछपवी काहीच नाही. मग भुवया. मग खांदा सरकून पाण्यात उतरला तेव्हा पहिल्या रांगेतली एक बाई "अगं आई गं" म्हणाली, ते मला विंगेत ऐकू आलं. बाकी एक खोकला नाही. राणीबाईंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला, गात राहिल्या, आणि गाणं संपल्यावर ओंजळ उघडून प्रेक्षकांना दाखवली. रिकामी. पाणी तेवढं गळत होतं.

मी जन्मात एवढी शांतता ऐकली नव्हती. मला वाटलं, पडलं नाटक. आणि मग, अण्णा, लोक उठले! खुर्च्या दणादणा आपटल्या, टाळ्या, शिट्ट्या, पडदा पडला तरी थांबेनात, पडदा पुन्हा उघडला तरी थांबेनात. दिग्दर्शकसाहेबांनी मला मनगट धरून रंगमंचावर ओढलं. पायात रबरी चपला, अंगभर मीठ, केस पांढरेफटक, आणि समोर उभं असलेलं अख्खं थिएटर. साहेब म्हणाले, "वर्कशॉपला कुलूप लावायची भाषा पुन्हा कोणी केली तर त्यालाच हौदात घालीन." जसं काही ती भाषा दुसऱ्या कोणी केली होती! सुतारमामा रडत होते आणि मीठ डोळ्यात गेलंय म्हणत होते. काटकसरकाकांनी तेवढ्यात कानात विचारलं, "हे पाणी आता नक्की ओतायचं ना?"

जिंकले, अण्णा. मिरवणार नाही म्हणाले होते, पण मिरवतेय. कोणाचं काय जातं? मग सगळी मंडळी जेवायला गेली. मीही गेले. रिकामी खुर्ची मनातून जाईना, पण हसले, खाल्लं, गाणी म्हटली.

आज सकाळी हौद रिकामा करायला आले. रात्रभरात काठ वाळला होता. आणि काळ्या काठावर, बरोबर मधोमध, पांढराशुभ्र उमटलेला एक हात. ओल्या हाताने कोणीतरी वाकून टेकू घेतलेला, आणि पाणी उडून जाऊन मीठ मागे राहिलेलं. तळवा स्पष्ट. अंगठा. तीन बोटं पुरी. आणि एक अर्धं.

मी किती वेळ तिथे बसले होते कोण जाणे. आधी हसले, मग रडले, मग वहिनीला फोन लावला आणि विचारलं, "वहिनी, कवळी बसवलेल्या माणसाला दातांचा डॉक्टर कशाला लागतो गं?" पलीकडे आधी दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मला शपथ घातली होती. पहिल्या गाडीने परत आले. सकाळपासून चष्मा न शोधता इकडून तिकडे फिरतायत."

पाठच्या रांगेत कुठे उभे होतात? खांबाआड? आम्ही जेवायला गेल्यावर रंगमंचावर चढलात, वाकलात, पाण्यात हात घातलात आणि बोट तोंडात घातलंत. नाही म्हणू नका. तसाच पुरावा आहे.

काका फडकं घेऊन काठ पुसायला आले होते. मी अशी ओरडले की फडकं त्यांच्या हातातून हौदात पडलं. तो हात तसाच राहणार आहे. सुतारमामा त्यावर काच बसवतायत, आणि भिंतीवरची तुमची "हात लावू नये" ही पाटी आता तिथे लागणार आहे.

पुढचा प्रयोग शनिवारी. नवा राजा भरायचाय, पण मी एकटी नाही भरणार. पटाशा खुंटीवर आहेत, बाक पुसून ठेवलंय. या वेळी खुर्चीत बसायचं, खांबाआड नाही.

आणि येताना एका प्रश्नाचं उत्तर घेऊन या. चाखून बघणार आहे कोण, असं विचारलं होतंत. बघितलंत ना चाखून? कसं होतं?

तुमचीच,
धाकटी